पुलापर्यंत आणि परत

ही गोष्ट १९८७ सालची. तारीखही लक्षात आहे, बारा एप्रिल, रविवार. पाडवा होऊन दोन आठवडे झाले होते आणि ईस्टर एका आठवड्यावर आला होता. आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये लीड्सला राहत होतो. माझे यजमान पद्माकर तिथल्या एका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते आणि मी आठवड्यातले चार दिवस कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, लायब्ररीत पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारत असे. आमचा अतुल आदल्या सप्टेंबरात युनिव्हर्सिटीत गेला होता. घरात दोनच माणसं उरली होती.

त्या घरी दर रविवारी सकाळी दहाला फोन वाजायचा. तो सुनीतीचा. ती मुलांच्या वॉर्डात डॉक्टर होती आणि हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एका फ्लॅटमध्ये एकटी राहायची. राउंड संपवून घरी आली की ती मला फोन करी. आम्ही काय बोलायचो ते आता सांगता येणार नाही. भाजी काय केली, कुणाची बदली झाली, असलंच काहीतरी. पण तो फोन आल्याशिवाय माझा रविवार सुरू होत नसे. माझी सख्खी बहीण नव्हती. परदेशात आल्यावर नऊ वर्षांत जी एक मैत्रीण मिळाली, ती सुनीती. माझ्याहून आठ वर्षांनी लहान.

इंग्लंडला यायच्या आधी पुण्यात तिला अकरा जणांनी पाहून नाकारलं होतं. उंची पाच फूट नऊ इंच आणि डोळ्यांना जाड चष्मा, एवढीच कारणं. एकानं तिला सुईत दोरा ओवायला लावला. एकानं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावलं. सातव्या स्थळाच्या आत्याबाईंनी तिला दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं, पायात काही दोष नाही ना ते बघायला.

"मी तेव्हा एम.बी.बी.एस. झालेली होते," सुनीती मला म्हणाली होती. "त्या बाईंच्या गुडघ्यात पाणी झालंय हे त्या बसतानाच मला दिसलं होतं. पण चालून मी दाखवायचं!"

"मग?"

"मग काय, चालले. दारापर्यंत आणि परत. आईनं अकरा वेळा कांदेपोहे केले, अकरा वेळा मी ते फिरवले. सगळ्यांनी संपवले. काहींनी तर दुसऱ्यांदा घेतले. आणि मग पत्र. पत्रिका जुळत नाही."

हे तिनं हसत हसत सांगितलं आणि मग हसणं थांबवून माझा हात धरला. "सुमन, मला एक वचन दे. तू मला असं कुणासमोर कधी बसवणार नाहीस. बाकीचे करतील, मराठी मंडळातल्या बायका करतील, त्यांचं मला काही नाही. तू नाही."

"गळ्याशपथ," मी म्हणाले. हे १९८० मध्ये. त्यानंतर मी तिच्यासमोर कधी पोहेसुद्धा केले नाहीत. घावन करायची, उपमा करायची, पोहे नाहीत.

शपथ मोडायचं कारण असं झालं. १९८६ च्या नाताळात ती चार दिवस तापानं फणफणून फ्लॅटमध्ये पडून होती आणि कुणाला पत्ता नव्हता. आम्ही अतुलला घेऊन साउथहॅम्प्टनला पद्माकरांच्या चुलत भावाकडे गेलो होतो. परत येऊन मी दार वाजवलं तेव्हा ती भिंतीला धरून आली. ओठ फुटलेले, घरात दूध नाही. "अगं, डॉक्टर ना तू?" मी ओरडले. "डॉक्टरला कोण बघणार?" ती म्हणाली. तेव्हापासून मला धास्ती बसली.

फेब्रुवारीत पद्माकरांनी जयंतचं नाव काढलं. जयंत त्यांच्या मेडिकल कॉलेजातला, दोन वर्षं मागे. ग्लासगोला हाडांचे एक्स-रे वाचायचं काम करायचा. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माणूस सरळ आहे, पद्माकर म्हणाले.

"पण तिच्यापाशी मी शपथ घेतलीय," मी म्हणाले.

"समोर बसवायची नाही अशी ना? आपण बसवायचंच नाही. चालायला नेऊ."

ती युक्ती मला पटली, हे मी लपवणार नाही. लीड्सच्या उत्तरेला दीड तासावर मूर्सच्या, म्हणजे उजाड माळरानांच्या, पोटात एक दरी आहे. तिथल्या जंगलात ओढ्याच्या काठानं डॅफोडिल्स आपोआप उगवतात. कुणी लावलेले नाहीत. पूर्वी लोक हारेच्या हारे तोडून बाजारात विकायचे म्हणून सरकारनं ते रान राखीव केलं. लायब्ररीतल्या एका बाईनं मला त्याचं पत्रक दिलं होतं. मी ठरवलं की घर नाही, दिवाणखाना नाही, साडी नाही, वडीलधारं कुणी नाही. चार माणसं फुलं बघायला जातील. बोलणं झालं तर झालं. नाही झालं तर सुनीतीला कधी कळणारही नाही. कळलं तर काय होईल, हेही मला ठाऊक होतं. ती भांडणारी नव्हती. ती नुसती दूर जाणारी होती.

जयंत शनिवारी ग्लासगोहून गाडीनं आला. बुटका म्हणता येणार नाही, पण सुनीतीपेक्षा दोन बोटं कमीच. टेबलाशी बसून जेवला, माझ्या आमटीचं कौतुक केलं आणि म्हणाला, "वहिनी, एक मागू का? तीन वर्षांत कांदेपोहे खाल्ले नाहीत. पाहुणा आहे म्हणून हक्कानं सांगतो."

म्हणून रविवारी सकाळी मी पोहे केले. सहा वाजता उठून कांदा चिरला, शेंगदाणे तळले, वरून घालायला खोबरं-कोथिंबीर वेगळ्या छोट्या डबीत भरली आणि पोहे गरम राहावेत म्हणून मोठ्या झाकणाच्या डब्यात घालून डबा टॉवेलात गुंडाळला. माझ्या मनात फक्त एवढंच होतं की जयंतनं पोहे मागितलेत. दुसरं काही मनातच आलं नाही. आज यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, सुनीतीनंही ठेवला नाही, पण खरं तेच आहे.

साडेआठला आम्ही तिला घ्यायला गेलो. ती कॉर्डरॉयची पँट, निळा टोपीवाला अनोरॅक आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट घालून फुटपाथवर उभी होती. जयंत कोट आणि टाय घालून पुढच्या सीटवर बसला होता. पायात काळे, पॉलिश केलेले, जाड टाचांचे बूट.

"हा जयंत, माझा कॉलेजचा मित्र. ग्लासगोहून मीटिंगला आलाय," पद्माकरांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"रविवारी मीटिंग?" सुनीतीनं विचारलं.

"सोमवारी," पद्माकर म्हणाले.

"आणि टाय आजपासूनच? जंगलात कोणी राउंड घेणार आहे का?"

जयंत हसला. त्यानं टायला हात लावला, पण काढला नाही. त्याला सगळं माहीत होतं. पद्माकरांनी त्याला सांगितलं होतं, आणि तिला माहीत नाही हे सांगायचं राहून गेलं होतं. हे मला पुढे कळलं.

गाडी लावली तिथे कुंपणाला एक फळा होता. फुलं तोडू नयेत, वाट सोडू नये, कुत्रा दोरीनं बांधावा. हिरव्या जॅकेटमधल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकानं आम्हांला नकाशा दिला आणि जयंतच्या बुटांकडे बघून म्हणाला, पुढे चिखल आहे बरं का.

"भावोजी, तुमच्या गाडीत एखादी जोडी असेल ना वेलिंग्टनची?" सुनीती पद्माकरांना म्हणाली. "यांचे बूट लग्नाच्या हॉलमधले वाटतायत."

"असू दे," जयंत म्हणाला. "मला हेच बरे पडतात."

फुलांचं वर्णन मला नीट जमायचं नाही. इथे चौकाचौकात कौन्सिल लावतं ती मोठी पिवळीधमक फुलं वेगळी. ही वीतभर उंचीची. बाहेरच्या पाकळ्या फिक्या, जवळजवळ सायीच्या रंगाच्या, आणि मधला पेला तेवढा गडद. झाडांना अजून पालवी नव्हती, त्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत येत होतं. ओढ्याच्या दोन्ही काठांना, हेझलच्या झुडपांखाली, पडलेल्या ओंडक्यांच्या मागे, जिथे बघावं तिथे ती होती, आणि सगळ्यांनी माना एकाच बाजूला वळवल्या होत्या. गार वारा होता. पलीकडच्या कुरणातून कोकरांचा आवाज येत होता.

सुनीती पुढे गेली. ती लांब ढांगा टाकत चालायची, तिच्याबरोबर चालणं म्हणजे धावणं. मी तिच्यामागे. पद्माकर आणि जयंत बरेच मागे, बोलत बोलत. मध्येच ती थांबून वाकली, एका फुलाखाली बोट धरलं आणि म्हणाली, "सुमन, थँक्स. मी एकटीनं कधी आले नसते."

मला बरं वाटलं. आणि थोडी भीतीही वाटली.

मैलभरानं एक लाकडी टेबल आणि दोन बाकं होती. तिथून वाट उताराला लागून पन्नास-साठ पावलांवरच्या एका छोट्या लाकडी पुलाकडे जात होती. आम्ही पोचलो, दोघं पुरुष पाच मिनिटांनी आले आणि बसले. मी पिशवी उघडली. बशा काढल्या, चमचे काढले, डब्याभोवतीचा टॉवेल सोडला. झाकण काढल्यावर वाफ आली. मी चार बशा भरल्या, डबीतलं खोबरं-कोथिंबीर वर पेरलं आणि म्हणाले,

"सुनीती, बशा दे गं सगळ्यांना. पहिली जयंतरावांना दे."

वाक्य तोंडातून गेलं आणि मी तशीच चमचा धरून उभी राहिले. हे वाक्य माझं नव्हतं. ते तिच्या आईचं होतं, माझ्या आईचं होतं, ज्या घरात लग्नाची मुलगी असते त्या प्रत्येक घरातलं होतं.

सुनीतीच्या दोन्ही हातांत बशा होत्या. तिनं पोह्यांकडे पाहिलं. मग जयंतच्या टायकडे. मग माझ्याकडे.

"हे काय आहे, सुमन?"

"पोहे."

"ते दिसतंय."

पद्माकर घसा खाकरून म्हणाले, "सुनीती, त्याचं असं आहे..."

"भावोजी, तुम्ही खा. गार होतील." तिनं एक बशी त्यांच्यापुढे ठेवली, दुसरी जयंतच्या हातात दिली आणि त्याच्यासमोर बाकावर बसली. चष्मा अनोरॅकच्या टोकानं पुसून परत घातला. आवाज अगदी वॉर्डातला.

"बारावी वेळ आहे माझी," ती जयंतला म्हणाली. "सवय आहे. पण आज मी विचारणार. चालेल ना?"

"चालेल," जयंत म्हणाला.

"स्वयंपाक येतो?"

"वरणभात येतो. ऑम्लेट येतं. पोळ्या येत नाहीत. गोल होत नाहीत म्हणून नव्हे, होतच नाहीत."

"गाणं?"

"नाही."

"पत्रिका आणलीत?"

"सोलापूरला आईच्या ट्रंकेत असेल. मागवू?"

"नको. पत्रिकेचं काम नकाराच्या वेळी लागतं." तिनं पुलाकडे हात केला. "चालून दाखवा. त्या पुलापर्यंत जा आणि परत या."

"अगं सुनीती, हे अति होतंय," पद्माकर चटकन म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. मला वाटलं, मित्राचा अपमान झाला म्हणून.

जयंतनं बशी टेबलावर ठेवली. "असू दे पद्या. बरोबर आहे त्यांचं." तो उठला, कोटाची बटणं लावली आणि निघाला.

दहा पावलांत सुनीतीचा चेहरा बदलला. मला कळायला वीस पावलं लागली. सपाट वाटेवर, दोघं गप्पा मारत हळूहळू येत असताना कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण इथे उतार होता आणि चिखल होता. डावा पाय तो कमरेतून उचलून पुढे टाकत होता. त्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं जाड होता.

"बस," सुनीती म्हणाली. मग मोठ्यानं, "अहो, बस! परत या!"

त्यानं मागे पाहिलं. "पुलापर्यंत म्हणालात ना?" आणि पुढे चालू लागला. समोरून एक इंग्रज जोडपं कुत्र्याला घेऊन येत होतं. ते वाटेच्या कडेला झाले आणि गुड मॉर्निंग म्हणाले. त्यानंही गुड मॉर्निंग म्हटलं. पुलावर पोचून त्यानं कठड्याला हात लावला, लहान मुलं शर्यतीत लावतात तसा, आणि वळला. चढ चढताना जास्त वेळ लागला. आम्ही तिघं नुसती बघत बसलो होतो. कुणी काही खात नव्हतं.

तो बसला. धाप लागली होती. "पोलिओ," तो म्हणाला. "तिसऱ्या वर्षी. पँटच्या खाली फारसं कळत नाही. उभं राहून कुणाशी ओळख करून घ्यायची नाही, आधी जाऊन बसून घ्यायचं, हे मी शिकलोय. पहिल्या लग्नाच्या वेळी माझ्या आईनं मला तसंच बसवून ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत ते बरं झालं. तुम्हांला कळायलाच हवं होतं."

त्याच्या बशीतले पोहे गार झाले होते. सुनीतीनं ते डब्याच्या झाकणात काढले, डब्यातले गरम पोहे बशीत वाढले, वर खोबरं घातलं आणि बशी त्याच्यापुढे सरकवली. मग ते गार पोहे तिनं स्वतः खाल्ले, झाकणातूनच.

परतताना मी आणि पद्माकर पुढे होतो. ती त्याच्याबरोबर मागे, त्याच्या चालीनं. काय बोलणं झालं मला ठाऊक नाही.

गाडीत रिकामा डबा तिनं मांडीवर घेतला होता. तिच्या फ्लॅटपाशी उतरताना मी हात पुढे केला तर ती म्हणाली, "राहू दे. धुऊन देते." मी तिच्याबरोबर दारापर्यंत गेले. तिथे ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या माणसाला मी चालायला लावलं, सुमन. मी. ज्या बाईचा मी जन्मभर राग केला, तिच्यासारखं. आणि तिथे मला तू नेऊन बसवलंस."

"मी पोहे मुद्दाम नव्हते केले गं."

"पोह्यांचं नाही. तू शपथ घेतली होतीस."

पुढच्या रविवारी दहाला फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दोनदा केला, तिनं उचलला, नीट बोलली, तब्येत विचारली आणि ठेवला. मंडळात भेटली की हसायची. डबा परत आला नाही आणि मी मागितला नाही. दिवाळीला नवीन घेतला.

१९८९ च्या जूनमध्ये ग्लासगोहून छापील आमंत्रण आलं. सुनीती आणि जयंत यांचं रजिस्टर लग्न, मग एका हॉटेलात जेवण. पाकिटावर डॉक्टर आणि मिसेस, खाली सहीसुद्धा नाही. आम्ही गेलो. ती फार छान दिसत होती. लोकांनी मला जागेवर येऊन सांगितलं, सुमनताई, हे पुण्य तुमचं. मी मान हलवली. सुनीतीनं सगळ्यांना वाढलं तसं मलाही वाढलं. नंतर ती लीड्स सोडून ग्लासगोलाच गेली.

१९९८ च्या नोव्हेंबरात पद्माकर गेले. घरातच, सकाळी दाढी करताना. इथे अंत्यविधीची तारीख मिळायला आठवडा जातो, तोवर अतुल येऊन राहिला होता. क्रिमेटोरियममधून परत आलो तेव्हा दाराशी ग्लासगोची गाडी उभी होती. सुनीतीच्या हातात माझा डबा होता. मी तो लगेच ओळखला, झाकणाला एक पोचा होता.

त्या दिवशी घरच्यांनी चूल पेटवायची नसते. तिनं पिठलं-भात करून आणला होता, चार तासांच्या रस्त्यावरून, टॉवेलात गुंडाळून. स्वयंपाकघरात येऊन तिनं कपाटातून बशा काढल्या. त्या कुठे असतात हे तिला अजून माहीत होतं. पहिली बशी मला दिली.

"डबा रिकामा परत करायचा नसतो," ती म्हणाली. "आणि भरून द्यायला मन तयार होत नव्हतं. अकरा वर्षं गेली."

"खूप झाली गं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "जेव आता."

त्यानंतर फोन सुरू झाला. रविवारीच, पण संध्याकाळी. सकाळी ती दोघं फिरायला जात असत.

जयंतचा डावा पाय साठीनंतर पुन्हा दगा देऊ लागला, पोलिओ म्हातारपणी असा परत येतो म्हणे. आधी काठी आली, मग चाकाची खुर्ची. मध्ये एकदा ती दोघं एप्रिलमध्ये त्या दरीत जाऊन आली. पुलापर्यंत खुर्ची जात नाही, सुनीती म्हणाली, त्यामुळे बाकावर बसूनच पाहिलं. जयंत जाऊन चार वर्षं झाली. सुनीती ग्लासगोतच आहे, मुलांच्या दवाखान्यातून रिटायर झाली, चष्मा अजून जाड झाला आहे. अतुलनं साउथहॅम्प्टनला नोकरी धरली आणि घर विकून मला इकडे आणलं. हिरव्या जॅकेटवाल्या त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते ठाऊक नाही, त्याचं नावही आम्ही विचारलं नव्हतं. डबा माझ्याकडे आहे. अतुलची बायको त्यात तांदूळ ठेवते.